पाळकीणबाई चालतात, मग पाळक बाई का नाही?

रानजाई
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि विषय घरचाच आहे. मी मूळची नगरची, आता पुण्यात. आमची मंडळी (म्हणजे आमचं चर्च) प्रोटेस्टंट, मिशनरी काळातली जुनी, नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. तर आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मे महिन्यात रिटायर होतायत आणि त्यांच्या जागी जी नावं आलीत त्यात एक बाई आहे. सेमिनरीत (पाळकांच्या कॉलेजात) रीतसर शिकलेली, पाळकपदाची दीक्षा झालेली, खेड्यात सात वर्षं सेवा केलेली. मीटिंगला मी महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून बसते, मला मत नाही, मी फक्त नोंदी घेते. पहिला प्रश्न आला, "यांचे मिस्टर काय करतात?" दुसरा, "प्रभुभोजन पण याच देणार का?" (भाकर-द्राक्षारसाचा तो पवित्र विधी), आणि तिसरा एका काकांचा, "अहो पण यांना हाक काय मारायची? पाळकीणबाई तर पाळकाच्या बायकोला म्हणतात!" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात.

कारण काका चुकून बरोबर बोलले. शब्द आधीच दिलेला आहे. आमच्या पाळकीणबाई संडे स्कूल घेतात, महिला मंडळ चालवतात, दवाखान्यात भेटीला जातात, मयताच्या घरी सगळ्यात आधी पोचतात, लग्न ठरलेल्या मुलींना चार गोष्टी समजावतात, आणि साहेबांच्या संदेशाचे (प्रवचनाचे) मुद्दे पण अर्धे त्याच काढून देतात हे आख्ख्या मंडळीला माहितीये. पगार शून्य. साहेबांची बदली झाली की यांची आपोआप. म्हणजे बाई हे काम करते यावर वाद नाहीच ना? वाद झग्यावर आणि सहीवर आहे. तुमच्याकडे काय परिस्थिती?

बंदरपट्टी
मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे हा प्रॉब्लेम नाही, फादरला बायकोच नाही त्यामुळे पाळकीणबाई पण नाही :) जोक बाजूला. आमच्याकडे हा विषय वरून बंद आहे. १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढलं की स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यायचा चर्चला अधिकारच नाही. म्हणजे "देत नाही" असं नाही, "देऊ शकत नाही". येशूने बारा प्रेषित निवडले ते पुरुष, आणि वेदीपाशी धर्मगुरू ख्रिस्ताच्या जागी उभा असतो, असा तो मुद्दा आहे. पटो न पटो, निदान स्पष्ट आहे.

टिंगूमास्तर
बाहेरच्या माणसाने तोंड घातलं तर चालेल का? मी ख्रिश्चन नाही. पण नगरचं नाव निघालं म्हणून. शनि शिंगणापूर पण तुमच्याच जिल्ह्यातलं, २०१६ च्या पाडव्याला चौथरा बायकांना उघडला, त्याआधी हायकोर्टापर्यंत जावं लागलं. आणि पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं, माझ्या बहिणीचं लग्न बाईनेच लावलं, तेव्हा आमच्या आत्याने विचारलेला प्रश्न सेम टु सेम, "गुरुजींना गुरुजी म्हणतो, हिला काय म्हणायचं?" सगळीकडे एकच काका फिरतात वाटतं.

रानजाई
@टिंगूमास्तर हाहा, काका सर्वधर्मसमभाव पाळतात.

जुनी_घंटा
प्रभूत सलाम. मी निवृत्त पाळक आहे, वय ७४, नातवाने खातं काढून दिलं आहे, टायपिंगच्या चुका पोटात घालाव्यात. रानजाईताई, तुमची तळमळ कळते पण काका हसले म्हणून शास्त्र बदलत नाही. प्रेषित पौलाच्या १ तीमथ्य या पत्राचा दुसरा अध्याय बारावं वचन वाचा, स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा हे पौल होऊ देत नाही. १ करिंथ १४ मध्ये तर मंडळ्यांत गप्प राहावे असं आहे. हे मी लिहिलेलं नाही. माझी पत्नी ४१ वर्षं माझ्याबरोबर सेवेत होती, ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तिने कधी पुलपिट (संदेश द्यायचं व्यासपीठ) मागितलं नाही. तिचं काम माझ्यापेक्षा कमी होतं असं मी कधीही म्हणणार नाही. पण काम वेगळं आणि पद वेगळं.

ग्रीकशिक
काका सलाम. मी सेमिनरीत तिसऱ्या वर्षाला आहे, उद्धटपणा वाटला तर माफ करा. त्याच १ करिंथात तीन अध्याय मागे जा. ११:५ मध्ये पौल म्हणतो की प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावं. आता जी गप्प बसणार आहे तिने डोक्यावर पदर घेऊन बोलायचं कशाला सांगेल? बोलत होत्या म्हणूनच पदराचा प्रश्न आला ना. आणि १४ मधली ती दोन वचनं काही जुन्या हस्तलिखितांत जागा बदलून अध्यायाच्या शेवटी येतात, त्यामुळे ती मुळात तिथली का यावर अभ्यासकांत भरपूर भांडण आहे. तीमथ्यातलं "अधिकार चालवणं" यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो आख्ख्या नव्या करारात एकदाच येतो. एकदाच! नेहमीचा अधिकाराचा शब्द पौलाला माहीत होता, तो त्याने वापरला नाही. मग अर्थ साधा अधिकार की दादागिरी? ठामपणे सांगणारा मला अजून भेटायचाय, दोन्ही बाजूंचा.

आणि रोमकर १६. फीबीला आपल्या मराठी बायबलात "सेविका" म्हटलंय. मूळ शब्द तोच जो पौल स्वतःसाठी वापरतो. आपल्याकडे बघा, पुरुष असला की "देवाचा सेवक" म्हणजे स्टेजवर हार, आणि बाई असली की सेविका म्हणजे चहा.

मुक्तिफौजवाला
शेवटची लाईन +१०० !!

जुनी_घंटा
ग्रीकशिक, बाळा, उद्धटपणा नाही वाटला. पण एक लक्षात ठेव, जे वचन आपल्याला अडचणीचं तेवढंच "मुळात नव्हतं" निघायला लागलं तर उद्या काय काय निघेल.

ग्रीकशिक
मान्य आहे काका. म्हणूनच मी "नव्हतं" म्हणालो नाही, भांडण आहे म्हणालो. पण उलटं पण झालंय. त्याच रोमकर १६ मध्ये युनिया आहे, प्रेषितांमध्ये नामांकित. चौथ्या शतकात ख्रिसोस्तोमने तिची बाई म्हणूनच स्तुती केलीय. नंतरच्या लोकांना प्रेषित बाई पचेना म्हणून तिचा युनियास हा पुरुष केला, आणि विसाव्या शतकातल्या छापील ग्रीक आवृत्त्यांत सुद्धा तो पुरुष होऊन बसला होता. अडचणीचं वचन दुसऱ्या बाजूनेही घासून गुळगुळीत केलंय.

मुक्तिफौजवाला
आता माझं ऐका. माझी आई मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) कॅप्टन होती, पुढं मेजर झाली. नगर जिल्ह्यात आमचं काम जुनं, बूथ हॉस्पिटल सगळ्यांना माहिती. आमच्यात नवरा बायको दोघं ट्रेनिंग घेतात, दोघांना रँक, दोघं युनिफॉर्म घालतात, दोघं संदेश देतात. मुक्तिफौज काढणाऱ्या बूथसाहेबांच्या बायकोने, कॅथरीन बूथने, एकोणिसाव्या शतकातच बाईने प्रचार करावा म्हणून पत्रक काढलेलं, आणि त्यांची मुलगी इव्हँजेलिन १९३४ ला सगळ्या जगाची जनरल. लहानपणी मला वाटायचं संदेश देणं हे आईचंच काम असतं, बाप ढोल वाजवायचा. खरंच, मी पहिल्यांदा दुसऱ्या चर्चला गेलो तेव्हा आईला विचारलं, इथे साहेबच का बोलतात, मॅडम आजारी आहेत का?

रानजाई
मॅडम आजारी आहेत का 😂 हे मी मीटिंगमध्ये वापरणार.

ग्रीकशिक
मुक्तिफौजेचा मुद्दा फार कामाचा आहे, पण एक फरक. तुमच्याकडे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत. त्यामुळे भांडणाची जागाच नाही. बाकी मंडळ्यांत नीट बघा, बाईने साक्ष दिली चालते, गाणं चालतं, महिला रविवारी आख्खी उपासना चालते, अनाथाश्रम चालवलेला चालतो. अडतं कुठे? भाकर मोडताना. रानजाईंच्या कमिटीचा दुसरा प्रश्न तोच होता बघा.

बंदरपट्टी
अगदी. आणि आमच्याकडेही अडतं तिथेच. बाकीचं हळूहळू उघडतंय. १९९४ ला वेदीसेवेला मुली चालतील असं झालं, आमच्या गावात आता मुलीच जास्त, पोरं क्रिकेटला. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदं बायकांना खुली केली. २०२३ च्या रोमच्या सिनडमध्ये (चर्चच्या धोरणसभेत) बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं. २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला एका आख्ख्या व्हॅटिकन खात्याच्या प्रमुख झाल्या, त्याच वर्षी सिस्टर राफाएला पेत्रिनी व्हॅटिकन सिटीच्या राज्यकारभाराच्या. स्त्रियांना डीकन (धर्मगुरूच्या खालचं दीक्षेचं पद) करावं का यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१६ ला एक कमिशन नेमलं, मग २०२० ला दुसरं. कमिशनवर कमिशन, आपल्या सरकारसारखं.

माझी एक मावशी सिस्टर आहे. तिने उभ्या आयुष्यात दोन शाळा चालवल्या, शेकडो लोकांचा स्टाफ, ट्रस्टचे हिशोब, कोर्टकचेऱ्या सगळं. मी तिला विचारलं होतं, तुला मिस्सा करावीशी वाटते का? ती म्हणाली मला नाही वाटत, पण मला कुणी विचारलं हे पहिल्यांदाच.

टिंगूमास्तर
हे शेवटचं वाक्य...

पदरवाली
मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. आमची फेलोशिप आहे, पत्र्याच्या शेडमधली, पेंटेकॉस्टल म्हणा. आमच्या पास्टर बाईच आहेत. नवऱ्याचं दारूचं व्यसन सुटलं म्हणून चार घरात प्रार्थना सुरू केली, आता दीडशे लोक येतात. त्यांना कुणी दीक्षा दिली नाही, कुणी विचारलं पण नाही. मोठ्या चर्चवाले आम्हाला हसतात. आम्ही सगळ्या डोक्यावर पदर घेतो, आणि पास्टरबाई पण घेतात, आणि भुतं पण काढतात आणि पुरुषांना रागावतात पण. तुमचं ग्रीक मला कळत नाही. योएलाने म्हटलंय तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील, पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने तेच सांगितलं. आत्मा यायचा तर कमिटीला विचारून येतो का?

जुनी_घंटा
पदरवाली ताई, तुमच्या पास्टरबाईंना माझा सलाम सांगा. दीडशे लोक शेडमध्ये गोळा करणं मला कधी जमलं नाही, मला दगडी चर्च आयतं मिळालं होतं.

लेस्टरकर
इंग्लंडहून लिहितोय. इथे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये हा सगळा सिनेमा इंटरव्हलसकट बघून झालाय. १९९४ च्या मार्चमध्ये ब्रिस्टलला पहिल्या ३२ बायकांना प्रीस्ट केलं. म्हणजे गंमत बघा, ज्या वर्षी रोमने दार लावलं त्याच वर्षी यांनी उघडलं. पण बिशप करायला अजून वीस वर्षं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सिनडमध्ये मतदान झालं, बिशपांचं सभागृह हो, पाळकांचं हो, आणि साध्या सभासदांच्या सभागृहात दोन तृतीयांशाला सहा मतं कमी पडली. म्हणजे अडवलं कुणी? बाकावरच्या लोकांनी, आणि त्यात बायकाही होत्या. २०१४ ला पास झालं, २०१५ च्या जानेवारीत लिबी लेन पहिल्या बिशप. आमच्या लेस्टर डायसिसमध्ये (बिशपच्या हद्दीत) गुली फ्रान्सिस-देहकानी २०१७ ला लफबरोच्या बिशप झाल्या, मूळच्या इराणच्या, लहानपणी देश सोडून आलेल्या. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सारा मलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे इथल्या चर्चच्या सगळ्यात वरच्या पदासाठी जाहीर झालं. त्या आधी नर्स होत्या, इंग्लंडच्या चीफ नर्सिंग ऑफिसर.

पण ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी वेगळे बिशप ठेवलेत, लोक त्यांना उडते बिशप म्हणतात, म्हणजे तुमच्या चर्चला बाई बिशप नको असेल तर पुरुष बिशप बाहेरून येतो. माझ्या बायकोचं मत, ही सोय म्हणजे जेवणाच्या पंगतीत सोवळ्याचं ताट वेगळं वाढण्यातला प्रकार. मला वाटतं निदान घर फुटलं नाही. आमच्याकडे हा वाद अजून चालू आहे, घरी म्हणतोय मी. आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच अँग्लिकन मंडळ्यांना कँटरबरीची बाई मान्य नाही, त्यामुळे मोठं घर फुटणार की नाही ते दिसेलच.

रानजाई
नर्स वाचून गंमत वाटली. आमच्या घरात चार नर्स, दोघी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या. आपल्या समाजात घरटी एक नर्स आणि एक शिक्षिका. रात्रपाळीला आख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलेली बाई रविवारी चर्चमध्ये येऊन पदर सावरत फुलं लावते आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

आणि कुणीतरी म्हणेल इंग्लंडचं काय सांगता, म्हणून आपलंच: चर्च ऑफ साऊथ इंडियात २०१३ ला पुष्पा ललिता बिशप झाल्या, नंद्यालला. आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जी १९७० मध्ये आपल्या नागपुरात सहा चर्चं एकत्र येऊन झाली, तिच्यात २०२४ ला ओडिशातल्या फुलबाणीला व्हायोलेट नायक. चर्चची घटना आडवी येत नाही. कायद्याने सगळं खुलं आहे. कमिटीचे काका आडवे येतात.

केडगावची
एवढी चर्चा झाली आणि पंडिता रमाबाईंचं नाव कुणीच घेतलं नाही?? मी केडगावजवळची, त्यांचं काम तिथलंच, म्हणून राग आला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या, शिकत होत्या आणि शिकवत होत्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला. तर भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली, मुंबईचे आणि लाहोरचे. का, तर हिने तरुण पुरुषांना शिकवलं तर भारतात परत गेल्यावर हिची पत जाईल. रमाबाईंचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्यांनी लिहिलं की माझी आई आणि मी तरुण पुरुषांना शिकवत होतो तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने हरकत घेतली नाही, आणि काही इंग्रज माणसं आता घेतायत याचं मला आश्चर्य वाटतं. विचार करा. अनंतशास्त्री डोंगरे, जुन्या वळणाचे चित्पावन शास्त्री, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना भर सभेत "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. म्हणजे ब्राह्मण पंडितांसमोर बोललेली बाई ख्रिस्ती बिशपांना चालेना. त्याच पत्रव्यवहारात त्यांनी साफ लिहिलंय की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही.

ग्रीकशिक
आणि ही बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल मुळातून मराठीत आणते. जवळपास अठरा वर्षं. केडगावच्या छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्याही बायकाच. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मला नेहमी वाटतं की "स्त्रियांनी गप्प राहावे" हे वाक्य पण त्यांनीच बसून मराठीत केलं असणार, आणि कुणातरी मुलीने ते एकेक अक्षर जुळवलं असणार. काय वाटलं असेल?

जुनी_घंटा
रमाबाईंना मी फार मानतो. पण त्यांनी दीक्षा मागितली नाही, हेही खरं.

केडगावची
मागायची गरज काय होती साहेब? त्या रोज शेकडो बायकांसमोर बोलत होत्या, १९०५ चं संजीवन (आध्यात्मिक जागृती) त्यांच्याच अंगणात झालं, तिथून मुलींच्या टोळ्या गावोगाव शुभवर्तमान सांगायला गेल्या. झगा नव्हता फक्त. तुमच्या पत्नीनेही मागितला नाही असं तुम्ही वर लिहिलंय. मागितलं नाही म्हणजे नको होतं असं कसं ठरवायचं? रागाने नाही विचारत.

जुनी_घंटा
(दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व.)

केडगावची ताईंचा प्रश्न डोक्यात राहिला. काल पत्नीची ट्रंक उघडली. महिला रविवारचे तिचे संदेश आहेत, वर्षातून एक, वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेले, ३०-३२ तरी असतील. मी त्यातला एकही ऐकलेला नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या गावच्या मंडळीत प्रभुभोजन द्यायला जायचो, कारण तिथे पाळक नव्हता आणि इकडे "बायका सांभाळून घेतील" असं असायचं. बायबलातल्या दबोरेवर, त्या स्त्री न्यायाधीशावर, तीन आहेत. मला माझं मत बदललं असं लिहायचं नाही, तीमथ्यातलं वचन आहे तिथे आहे. पण संदेश चांगले आहेत. एका ठिकाणी माझीच चूक काढली आहे, नाव न घेता.

पदरवाली
साहेब ते संदेश टाईप करून इथे टाका ना

मुक्तिफौजवाला
+१ आणि ती चूक कोणती ते पण सांगा :)

जुनी_घंटा
ते नाही सांगणार.

रानजाई
अपडेट देते. रविवारी मीटिंग झाली. अडीच तास. "मॅडम आजारी आहेत का" वापरलं, दोघं हसले, एक चिडले. नेमणूक पुढे ढकलली, डायसिसला पत्र पाठवायचं ठरलं, म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. पण येत्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी त्यांना संदेशाला बोलावलंय. महिला रविवार नाही, साधा रविवार! फक्त एक अट, पुलपिटवरून नाही. खाली, बाकांच्या समोर स्टँडचा माईक लावून. उंचीचा फरक दोन पायऱ्यांचा आहे, मी आज मुद्दाम जाऊन मोजल्या. नोंदवहीत मी "वक्त्या: रेव्हरंड" असं लिहिलं आणि पुढे बाई लिहायचं की नाही यावर पाच मिनिटं घालवली. नाही लिहिलं.

बंदरपट्टी
दोन पायऱ्या म्हणजे आमच्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे.

लेस्टरकर
दोन पायऱ्यांना इथे वीस वर्षं लागली होती, शुभेच्छा.

जुनी_घंटा
रानजाईताई, मी पुण्यातच असतो, कोथरूडला मुलाकडे. आलो तर चालेल का? विरोध करायला नाही, ऐकायला. उपासना किती वाजता, नऊ की साडेनऊ?

रानजाई
या की काका. साडेनऊ. रिक्षानेच या, पार्किंगची बोंब आहे. आणि ती वही आणा.